एकात एक बसणारे डबे

लेबलकाकांच्या घरात एक वाटी दुसऱ्या वाटीला कधी लागली नाही. वाट्या एकात एक ठेवायच्या तर मध्ये कागद हवा, ताटांच्या मध्ये कागद हवा, आणि कपांना तर प्रत्येकाला वेगळं घडी घातलेलं फडकं, जणू कपांना थंडी वाजते. चरा पडतो, चकाकी जाते, असं काकांचं म्हणणं. काकूंनी लग्नानंतर काही वर्षं वाद घातला आणि मग हात टेकले. घरी आलेलं कोणी कपाटातले ते कागद बघून हसलं, की त्या म्हणायच्या, "आमच्याकडे माणसांचं पटतं, भांड्यांचं पटत नाही. म्हणून त्यांना वेगळं ठेवतो."

लेबलकाका हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. हा माणूस आयुष्यभर लेबलं करत आला, म्हणून लेबलकाका. कारखान्यात साहेबांपासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळे तेच म्हणत, आणि पुढे पुढे टपालवालाही त्याच नावानं हाक मारायला लागला. दुकानात गेले की काका वस्तूची किंमत बघत नसत, तिच्या लेबलाचा कोपरा नखानं खरवडून बघत. कोपरा सुटला की त्यांचा चेहरा असा काही उतरायचा की दुकानदाराला वाटायचं, आपला माल नासका निघाला.

कोपरा सुटतो तो चिकटवलेल्या लेबलाचा. काकांनी ध्यास घेतला होता तो साच्यातल्या लेबलाचा. म्हणजे डबा ज्या साच्यात तयार होतो, त्या साच्यातच आधी लेबल ठेवायचं. यंत्राचा हात ते पातळ लेबल उचलतो, साच्याच्या भिंतीला लावतो, विजेच्या भारानं ते तिथं धरून राहतं, आणि मग वितळलेलं प्लॅस्टिक आत शिरतं. डबा बाहेर येतो तो लेबल अंगात घेऊनच. गोंद नाही, कागद नाही, सुटायला कोपरा नाही. लेबलही डब्याच्याच जातीच्या प्लॅस्टिकचं, त्यामुळे डबा भंगारात गेला तरी सगळा एकजिनसी वितळतो. भंगारवाल्याला लेबल सोलत बसावं लागत नाही.

हे सगळं बोलायला सोपं. पण काकांना ते करायचं होतं लहान मुलांच्या खाण्याच्या डब्यासाठी, आणि तिथं शाई आडवी येते. छपाईची शाई आणि तिच्यावरचं चकचकीत वार्निश डब्याच्या भिंतीतून झिरपून आतल्या खाण्यात उतरता कामा नये. काकांनी शाया बदलल्या, वार्निशं बदलली, दिव्याखाली ती वाळवायच्या तऱ्हा बदलल्या. शेवटी असं लेबल जमलं की प्रयोगशाळेनं डबे भरून, उबेत ठेवून, आतल्या पातळ पदार्थाचा थेंबन् थेंब तपासला आणि सांगितलं, काही उतरलेलं नाही. त्या दिवशी काका घरी आले ते गुणगुणत. काकूंना वाटलं, बढती मिळाली.

प्रयोगशाळेला पाठवायचे डबे काका स्वतः निवडत. यंत्रातून डबा बाहेर पडला की हातमोजे घालून तो अलगद उचलायचा, मऊ कागदात गुंडाळायचा आणि खोक्यात दुसऱ्या डब्याला लागणार नाही असा बसवायचा. इतक्या निगुतीनं लोक तान्हं मूलसुद्धा उचलत नाहीत. हे काम त्यांनी कधी कुणाच्या हाती दिलं नाही, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

डबे ज्यांच्या यंत्रावर बनत, ते साचेवाले त्यांचे व्याही. दोघांचं काम आधी जुळलं की मुलांचं लग्न आधी जुळलं, यावर दोन्ही घरांत अजून एकमत नाही. व्याही मोठ्या आवाजाचे, मोठ्या पोटाचे, आणि साच्याच्या बाबतीत काकांइतकेच हट्टी. दोघांचं एकदाच कडाक्याचं वाजलं होतं, तेही एका पायरीवरून.

ही पायरी डब्याच्या अंगातली. डबे एकात एक घातले की ते एका जागी थांबावेत म्हणून भिंतीला एक बारीकशी कड ठेवतात. त्या कडेमुळे वरचा डबा खालच्यात अडकून बसत नाही, भिंतींमध्ये जरा फट राहते. पण नेमकं त्या कडेवरच काकांच्या लेबलाला सुरकुती पडायची. केसाएवढी सुरकुती, पण काकांना ती खोलीच्या त्या टोकावरून दिसायची. लेबलावर एक हसरं अस्वल होतं आणि सुरकुती बरोबर त्याच्या ओठांवर यायची. काका म्हणायचे, "हसतंय की रडतंय तेच कळत नाही." व्याही म्हणायचे, पायरी राहू द्या, नाहीतर डबे घट्ट बसतील. शेवटी काकांनी अक्षरशः हात जोडले. व्याह्यांनी साचा घासून पायरी काढली, अस्वल मोकळेपणी हसायला लागलं आणि खाणं बनवणाऱ्या कंपनीनं डबा पसंत केला.

पहिला मोठा माल तयार होऊन कंपनीच्या भरणा विभागाकडे, म्हणजे डब्यांत खाणं भरतात तिकडे, गेला त्याच सुमाराला लेक माहेरी राहायला आली. सासरच्या घरात रंगकाम चाललं होतं आणि तिचं बाळ जेमतेम रांगणारं. बाळाला सगळे ढब्बू म्हणत, आणि त्याच्याकडे एकदा बघितलं की का म्हणतात ते विचारावं लागत नसे. येताना तिनं सासऱ्यांच्या गोदामातून डब्यांची एक चळत आणली. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळाभर राहिलेली, एकात एक घट्ट बसलेल्या डब्यांची. "बाबा, तुमचे डबे," म्हणून तिनं ती स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. काकांनी अस्वलाकडे डोळे भरून बघितलं.

त्या दिवसापासून काकांनी एक काम आपलं म्हणून घेतलं. संध्याकाळी कारखान्यातून आलं की हातपाय धुवायचे आणि ढब्बूला भरवायचं. सकाळ-दुपार लेक किंवा काकू त्याला स्टीलच्या वाटीतून भरवत. काका वाटीला हात लावत नसत. त्यांना डबाच हवा. दूधभात दुपारीच शिजवून डब्यात भरून ठेवायचा, संध्याकाळी तो गरम पाण्यात धरून कोमट करायचा आणि ढब्बूनं अस्वलाकडे बघत बघत खायचा, असं त्यांच्या मनातलं चित्र होतं.

ढब्बूला अस्वल आवडलं. तो त्याला थापट्या मारी, त्याच्या नाकाला आपलं नाक लावी. पण चमचा जवळ आला की तोंड मिटून घेई. वाटीतला भात मिटक्या मारत खाणारं पोर डब्यातला भात जिभेनं ढकलून बाहेर काढायचं.

"तुमचा हात आवडत नाही त्याला," काकू चिडवायच्या.

"हाताचा काय संबंध? लाडावून ठेवलंय तुम्ही," काका म्हणायचे.

घरात या गोष्टीचं हसू झालं. जावयांचा फोन आला की लेक आधी हीच बातमी द्यायची, आज आजोबांचे किती घास आत गेले आणि किती बाहेर आले. काका वरवर हसायचे, पण त्यांना लागायचं. ज्या डब्यासाठी इतकी वर्षं घालवली, तो जगानं पसंत केला आणि आपल्याच घरातल्या एवढ्याशा पोरानं नाकारला, याचा त्यांना राग येई. मग त्यांनी एक युक्ती काढली. अंगठा आणि बोट ढब्बूच्या गालांवर ठेवून हलकेच दाबलं की तोंड उघडायचं. तेवढ्यात चमचा आत.

"अहो, नको म्हणतोय तर राहू द्या," काकू म्हणाल्या.

"सवय लागते. दोन दिवस रडेल, मग मागून खाईल."

ढब्बू दोन दिवस रडला आणि पुढेही रडत राहिला, आणि काकाही हटले नाहीत.

त्या रविवारी, सुट्टी म्हणून दुपारीच, हे चाललं होतं. ढब्बू काकूंच्या मांडीवर, काका समोर बसलेले, हातात डबा. तीन घास गेले, त्यातला एक परत आला. चौथ्याला ढब्बूनं मान पार मागे टाकली आणि काकूंच्या पदरात तोंड खुपसलं. काकांना वाटलं, करून दाखवावं. "हे बघ, आजोबा कसे खातात," म्हणत त्यांनी तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला.

घास तोंडातच राहिला. काकांचा हात चमच्यासकट हवेत थांबला.

दूध होतं, मऊ भात होता, चिमूटभर साखर होती. आणि त्या सगळ्याच्या मागून, जिभेच्या मुळाशी, एक कडवट, तेलकट चव होती. ती कसली, हे आठवायला त्यांना क्षणभरही लागलं नाही. वार्निशच्या खोलीचं दार उघडलं की घशाशी येते, तीच ही. आयुष्यभर त्या खोलीत वावरलेल्या माणसाला ती परकी वाटण्याचं कारण नव्हतं, पण ती इथं, नातवाच्या भातात असण्याचंही काही कारण नव्हतं.

"काय झालं हो? खडा लागला का?" काकूंनी विचारलं.

काकांनी घास गिळला. थुंकायची त्यांना लाज वाटली, कारण हेच आपण रोज याला गिळायला लावत होतो हे त्यांच्या तेवढ्यात ध्यानात आलं होतं. ते उठून स्वयंपाकघरात गेले. फळीवरच्या चळतीतून मधला एक डबा ओढला. तो येईना. डबे एकमेकांत असे रुतून बसले होते की गुडघ्यात धरून पिळावं लागलं, तेव्हा टक् आवाज करून तो सुटला. काकांनी तो नाकाशी नेला. तोच वास.

मग त्यांनी आपल्या खोलीतल्या कपाटातून दुसरा डबा काढला. याच मालातला, याच यंत्रावरचा, त्यांनी आठवण म्हणून मऊ कागदात गुंडाळून ठेवलेला. दोन्ही डबे विसळले, दोन्हींत गरम पाणी ओतलं, वर ताटल्या झाकल्या आणि ओट्याला टेकून उभे राहिले. लेक दारात येऊन उभी राहिली. 

पाणी कोमट झाल्यावर त्यांनी काकूंना बोलावलं. "वास घे. कुठला डबा कुठला ते मी सांगत नाही, नुसता वास घे."

काकूंनी पहिली ताटली उचलली. "याला काही नाही. पाणी आहे." दुसरी उचलली आणि डोकं मागे घेतलं. पुन्हा वाकल्या, पुन्हा हुंगलं. "अहो, हा तर तुमच्या शर्टाचा वास. कारखान्यातून आलात की शर्टाला येतो ना, तो. मी भिजत घालते तेव्हा बादलीला येतो."

काका खाली बसले. खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसले.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. भिंतीतून काही झिरपत नाही. ते त्यांना ठाऊक होतं, पुन्हापुन्हा तपासलेलं होतं. पण भिंतीतून झिरपायची गरजच काय होती? एका डब्याचं बाहेरचं अंग दुसऱ्या डब्याच्या आतल्या अंगाला घट्ट चिकटून बसलं होतं, उन्हाळाभर, पत्र्याखाली. एकाचं लेबल म्हणजे दुसऱ्याचं पोट. वार्निश थेट आत टेकलं होतं, आणि टेकता टेकता आतल्या प्लॅस्टिकमध्ये शिरलं होतं. बाहेर आणि आत, या दोन बाजू एकमेकांना कधी भेटतील, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. कसं येणार? त्यांच्या घरात वाटीला वाटी लागत नव्हती. त्यांनी तपासायला पाठवलेला एकही डबा दुसऱ्या डब्यात कधी गेला नव्हता.

आणि मध्ये जी फट राहिली असती, ती पायरी त्यांनीच हात जोडून काढून घेतली होती.

"बाबा," लेक दारातून म्हणाली, "म्हणजे ढब्बू इतके दिवस..."

काकांनी मान डोलावली.  लेकीनं काकूंच्या कडेवरून बाळ उचललं आणि त्याला घेऊन ती डॉक्टरांकडे जायला निघाली. जाताना ती काही बोलली नाही. बोलली असती, चिडली असती, तर काकांना बरं वाटलं असतं.

काका दोन्ही डबे पिशवीत घालून तसेच व्याह्यांच्या कारखान्यात गेले. यंत्र चालूच होतं. साचा उघडत होता, यंत्राचा हात लेबल ठेवत होता, डबा बाहेर पडत होता, आणि सरकत्या पट्ट्याच्या शेवटी बसलेल्या बाई एकेक डबा उचलून आधीच्या डब्यात सरकवत होत्या आणि तळव्यानं वरून दाबत होत्या. खोक्यात नीट मावावी म्हणून चळत आखूड करायची, म्हणून दाबायचं. काका इथं किती वेळा उभे राहिले असतील याला गणती नाही. दर वेळी त्यांनी लेबलाकडे बघितलं होतं, बाईंच्या हाताकडे एकदाही नाही. आता ते नुसता तो तळवाच बघत होते.

"या, या व्याही," कचेरीच्या दारातून आवाज आला. "सुट्टीच्या दिवशी चैन पडत नाही ना? ढब्बूला नाही आणलंत?"

काकांनी आत जाऊन टेबलावर दोन्ही डबे ठेवले. "वास घ्या."

व्याह्यांनी हसत हसत घेतला. एकदा याचा, एकदा त्याचा. हसू जरा कमी झालं. "नव्या डब्याला वास असायचाच. नवी गाडी घेतली तरी येतो."

"गाडीत कोणी दूधभात कालवून खात नाही."

"अहो, पण प्रयोगशाळेनं पास केलाय की. दर वेळी पास केलाय."

"त्यांनी मी पाठवलेले डबे पास केले. मी एकेक डबा कागदात गुंडाळून पाठवत होतो. एकात एक बसलेला डबा त्यांनी कधी बघितलाच नाही."

व्याही त्यांच्याकडे बघत राहिले. "कागदात कशाला?"

"चरा पडू नये म्हणून."

बाहेर यंत्राचा ठेका चालू होता. व्याह्यांनी वासाचा डबा पुन्हा उचलला, उलटा केला, आतून बोट फिरवलं. पायरी जिथं होती त्या जागी त्यांचं बोट थांबलं. साचा त्यांनीच घासला होता, जागा त्यांना डोळे मिटूनही सापडली असती.

"मी म्हटलं होतं, पायरी राहू द्या."

"म्हटलं होतंत."

"तुम्ही काय म्हणालात?"

"सुरकुती पडते म्हणालो."

व्याह्यांनी डबा खाली ठेवला आणि कपाळ चोळलं. मग माणूस अशा वेळी जे करतो तेच त्यांनी केलं, वाट शोधायला लागले. माल भरणा विभागात पोचलाय, उद्या सकाळी भरायला घेणार. माणसं पाठवू, चळती सुट्या करू, वाऱ्यावर ठेवू. वास काय, उडून जाईल.

"वास जाईल," काका म्हणाले. "आत शिरलंय ते जाणार नाही. दूध टाकलं की पुन्हा उतरेल."

"किती उतरेल? सुईच्या टोकाएवढं?"

"तेवढंही नसेल."

"मग? एवढ्यानं मोठ्या माणसाला काही होत नाही, व्याही."

"डब्यावर अस्वल आहे," काका म्हणाले. "मोठी माणसं यातून खाणार नाहीत."

व्याही अजून माघार घ्यायला तयार नव्हते. सगळा कारखाना या एका डब्यावर उभा होता आणि ते दोघांनाही सांगायची गरज नव्हती. "अजून कुणी तक्रार केली आहे का?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं. त्या माणसाचा आवाज खाली जाऊ शकतो हे काकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. "कुणी खाल्लंय का यातून? कोणाला काय झालंय?"

"ढब्बूनं खाल्लंय."

व्याही मागच्या खुर्चीत बसले.

"तुमच्या गोदामातली चळत पोरीनं घरी आणली. मी रोज त्यातूनच भरवतोय. तो नको म्हणत होता. तोंड फिरवत होता, थुंकत होता." काकांनी वासाचा डबा आपल्याकडे ओढला. "मी गाल दाबून भरवलं त्याला. डबा माझा, म्हणून भरवलं."

 व्याही टेबलाच्या कडेला धरून उठले, दारापर्यंत गेले आणि बाहेर हात वर करून खूण केली. यंत्र थांबलं. ती जागा शांत असताना काकांनी कधी ऐकलीच नव्हती. पट्ट्याच्या टोकाच्या बाई हातात एक डबा धरून दोघांकडे बघत राहिल्या. व्याह्यांनी फोन उचलला, भरणा विभागाचा नंबर लावला, आणि पलीकडून आवाज येताच त्यांना काय बोलावं ते सुचेना.

"द्या इकडे," काका म्हणाले. "लेबल माझं आहे. मी सांगतो."

त्यांनी सगळं सांगितलं. कागदाचं सांगितलं, पायरीचंही सांगितलं. एक डबासुद्धा भरू नका, असं सांगून फोन ठेवला तेव्हा त्यांचा हात इतका घामेजला होता की फोनवर तळवा उमटला होता.

डॉक्टरांनी ढब्बूला उलटंसुलटं करून बघितलं. पोट, डोळे, जीभ सगळं तपासलं आणि सांगितलं, पोरगं ठणठणीत आहे, गेलं ते गेलं, पुढे देऊ नका. लेकीनं फोनवर हे सांगितलं तेव्हा काका व्याह्यांच्या कचेरीतच होते. व्याही मोठ्यानं रडले, त्यांचं सगळंच मोठं. काकांना रडूही आलं नाही. 

पुढचे महिने कठीण गेले, पण कोणी बुडालं नाही. कंपनीनं आधी तोंडाला येईल ते ऐकवलं, आणि मग भरण्याआधी सांगितलंत म्हणून थांबतो, असं म्हटलं. सगळा माल परत आला. तो दळला, वितळवला आणि त्याच्या कुंड्या झाल्या. लेबल सोलावं लागलं नाही, सगळं एकजिनसी वितळलं. काकांनी इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट खरी ठरली, पण ती अशी खरी ठरावी असं त्यांनी कधीच मागितलं नव्हतं. व्याह्यांनी एक कुंडी त्यांच्या घरी पाठवून दिली. काकूंनी तिच्यात काहीतरी लावलंही.

साच्यात पायरी परत आली. वार्निश बदललं. आणि काका आता तपासणीचे डबे यंत्रावरून उचलत नाहीत. चळती करायच्या, वर वजन ठेवायचं, गरम खोलीत आठवडेच्या आठवडे कोंडायच्या आणि मग अगदी मधला, दोन्हीकडून चेपलेला डबा ओढून काढून पाठवायचा. नव्या डब्यावरच्या अस्वलाच्या ओठांवर केसाएवढी सुरकुती आहे. कंपनीच्या माणसानं ती दाखवली तेव्हा काका म्हणाले, "असू द्या."

एके दिवशी काकूंनी वाटी घ्यायला कपाट उघडलं तर मधले कागद गायब. सगळ्या वाट्या एकात एक, उघड्या. त्यांनी वळून काकांकडे बघितलं. काका वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. काकूंना इतकी वर्षं हेच हवं होतं, पण त्या दिवशी त्यांना अजिबात हसू आलं नाही.

सासरचं रंगकाम केव्हाच संपलं होतं, पण लेक अधूनमधून येत राहिली. काकांवर ती कधी रागावली नाही, विषयही काढला नाही. ढब्बू आता धरून धरून उभा राहायला लागला होता आणि समोर येईल ते खात होता. सफरचंद, बटाटा, भाकरीचा तुकडा, शेजारणीच्या हातचं बिस्किट. कोणाच्याही मांडीवर बसावं आणि कोणाच्याही हातून खावं, असा मोकळ्या स्वभावाचा गडी.

असाच तो एकदा आलेला असताना काकूंनी स्टीलच्या वाटीत दूधभात कालवला आणि वाटी काकांच्या हातात दिली. काका नको नको म्हणत होते. "घ्या हो," काकू म्हणाल्या. "वाटी आहे, डबा नाही. त्याच्या लक्षातही नसेल."

काका ढब्बूसमोर बसले. आधी त्यांनी स्वतः एक घास खाऊन बघितला. दूध, भात, चिमूटभर साखर, बाकी काही नाही. मग छोटासा घास घेऊन चमचा पुढे केला.

ढब्बू त्यांच्याकडे बघून हसला होता. चमचा जवळ आला तसं हसू गेलं. त्यानं ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हात वर करून आपले गाल झाकले.

काकांचा हात तिथंच राहिला. दाराशी लेकीशी बोलत उभ्या असलेल्या काकू जवळ आल्या. भात चमच्यावरून वाटीत ओघळला.

"द्या इकडे," काकू हळूच म्हणाल्या.

काकांनी वाटी दिली. काकूंनी त्याच चमच्यानं, त्याच वाटीतला घास पुढे केला. ढब्बूनं गालांवरचे हात काढले आणि तोंड उघडलं.